सगळ्या पार्टांचा स्टाफ एकाच मापाचा कसा ठेवायचा

मी मूळचा डीटीपीवाला. बेळगावात शहापूरच्या एका लहान दुकानात लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, मंडळांची पावती पुस्तकं हे माझं रोजचं काम. पत्रिकेत मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी बसवायचं, त्यामुळे अक्षराचं माप हा माझ्या पोटापाण्याचा विषय. तरीही स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांच्या पट्ट्यावर सूर लिहायची पद्धत, लिहायला बसलो आणि मापातच फसलो.

झालं असं. गल्लीतल्या बँड मास्तरांना शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी एका गाण्याचे पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद, हवे होते. आमच्याकडचे बहुतेक बँडवाले कानानेच वाजवतात, पण मास्तरांच्या हाताखाली नोटेशन वाचणारी चार-पाच पोरं नव्याने आली होती. क्लॅरनेट, ट्रंपेट, युफोनियम, साईड ड्रम असे कागद मी छापून नेले. मास्तरांनी ते ट्यूबलाईटखाली धरले आणि म्हणाले, "क्लॅरनेटचं झ्याक हाय. ट्रंपेटला काय मुंग्या सोडल्यायस व्हय रे? रातच्याला पोरांस्नी दिसायला नको?"

चार कागद, चार मापं. घरी येऊन शोधत बसलो तेव्हा कळलं, चूक एक नव्हती. ट्रंपेटच्या पार्टची पेज सेटिंग्ज वेगळी होती. साईड ड्रमवर ‘स्मॉल स्टाफ’ची खूण होती. युफोनियमची फाईल दुसऱ्याकडून आलेली, ती स्वतःचं माप घेऊन आली होती. आणि झेरॉक्सवाल्याने सगळंच थोडं आक्रसून छापलं होतं. आमटीत सासू, सून आणि जाऊ तिघींनी आपापलं मीठ टाकावं तसा प्रकार. म्हणून हा लेख. मी म्यूझस्कोअर हा नोटेशन लिहायचा प्रोग्राम वापरतो, तो फुकट आहे, आणि पुढच्या पायऱ्या त्याच्याच आहेत. बाकीच्यांबद्दल अधूनमधून सांगेन.

बसण्यापूर्वी जवळ काय ठेवायचं

- स्टीलची फूटपट्टी, मिलिमीटरच्या खुणा नीट दिसणारी. शाळेतली प्लास्टिकची झिजलेली नको.
- फाईलची वेगळ्या नावाने ठेवलेली एक प्रत. मापाशी खेळताना पानं तुटतात, ओळी सरकतात; मागे जाता आलं पाहिजे.
- युनिकोड देवनागरी फॉन्ट, उदाहरणार्थ नोटो सेरिफ देवनागरी किंवा ‘मुक्त’ (Mukta) नावाचा. कन्नड शब्द असतील तर नोटो सॅन्स कन्नड.
- कोणत्या कागदावर छापणार याचं उत्तर. ए-4 की ए-5, हे आधी ठरवा. मागाहून ठरवलं की सगळं पुन्हा करावं लागतं, हे अनुभवाने सांगतो.
- एक वही आणि पेन. का, ते पुढे येईल.

पायरी 1 : स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, मोजा

एक शब्द आधी ठरवून घेऊ. पाच रेघांच्या पट्ट्याला स्टाफ म्हणतात हे माहीत असेलच. दोन रेघांमधल्या जागेला मी घर म्हणतो. पाच रेघा म्हणजे चार घरं. म्यूझस्कोअर स्टाफची उंची विचारत नाही, एका घराची उंची विचारतो. तिथे त्याचं नाव ‘स्टाफ स्पेस’. नव्या फाईलीत ते 1.75 मिलिमीटर असतं, म्हणजे स्टाफ 7 मिलिमीटर उंच. एकट्या वाजवणाऱ्याच्या पार्टसाठी 7 हे चांगलं माप आहे.

स्क्रीनवर मात्र काहीही दिसू शकतं. एक टॅब 100 टक्के झूमवर उघडी, दुसरी 75 वर. लगेच वाटतं की स्टाफ लहान झाला. दुसरी फसगत ओळींमधल्या मोकळ्या जागेची. पान भरावं म्हणून प्रोग्राम ओळींमधलं अंतर ताणतो. कमी ओळींच्या पानावर त्या दूरदूर पडतात आणि स्टाफ मोठा भासतो. तिसरी फसगत आडव्या ताणाची: एका ओळीत दोनच बार (उभ्या रेघांमधले कप्पे) आले की नोटा ऐसपैस बसतात, सहा आले की दाटीवाटीने. यातल्या एकातही स्टाफचं माप बदललेलं नसतं. मी पहिल्या दिवशी अर्धा तास ‘स्ट्रेच’ कमीजास्त करत होतो, माप सुधारतोय या समजुतीने. स्ट्रेचचा उंचीशी काही संबंध नाही.

म्हणून एक पान छापा आणि वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत फूटपट्टी लावा. साईड ड्रम एका रेघेवर लिहिला असेल तर उंची मोजायला काही उरत नाही. तिथे नोटेचं डोकं बघा. ते एका घराएवढं उंच असतं.

पायरी 2 : मूळ माप एकाच जागी ठरवा

‘फॉरमॅट’ मेनूतून ‘पेज सेटिंग्ज’ उघडा. कागद, समास आणि स्टाफ स्पेस तिथेच आहेत. आधी कागद निवडा. ए-4 म्हणजे 210 बाय 297 मिलिमीटर. अमेरिकेतून आलेल्या फाईलींत ‘लेटर’ असतो, साधारण 216 बाय 279. दिसायला सारखा, पण पुढे छपाईत हाच घात करतो.

मग स्टाफ स्पेस. माझे आकडे देतो, हे नियम नव्हेत, माझ्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचे आकडे आहेत: बसून वाजवणाऱ्याला ए-4 वर 1.75, मिरवणुकीत वाद्याला चिमट्याने लावायच्या ए-5 कार्डावर 1.6 (स्टाफ 6.4 मिलिमीटर), आणि मास्तरांच्या पूर्ण स्कोअरला, जिथे दहा-बारा वाद्यं एकाखाली एक असतात, 1.2 च्या आसपास. मास्तर स्कोअर घरी बसून बघतात. पोरं दिव्याखाली चालता चालता वाचतात. दोघांना एकच माप देण्याचा हट्ट धरू नका.

नवखा माणूस इथे हमखास एक गोष्ट करतो. शेवटच्या दोन ओळी दुसऱ्या पानावर गेल्या की स्टाफ स्पेस 1.75 वरून 1.68, मग 1.63, असं खाली आणत पान जमवतो. एका पार्टला हे केलं की संच बिघडलाच. आधी समास कमी करा, ओळींमधलं अंतर कमी करा, एका ओळीत एखादा बार जास्त बसतो का बघा. स्टाफच्या मापाला हात शेवटी.

पायरी 3 : पार्टांचं स्वतंत्र बिऱ्हाड

माझ्या ट्रंपेटची गोम इथे होती.

म्यूझस्कोअरमध्ये स्कोअर आणि प्रत्येक पार्ट यांचे सूर एकच असतात. एकीकडे नोट बदलली की दुसरीकडे बदलते. पण पेज सेटिंग्ज आणि स्टाईल प्रत्येकाची आपली आपली. एका वाड्यातली वेगळी बिऱ्हाडं म्हणा. स्कोअरच्या टॅबमध्ये तुम्ही 1.75 चं 1.2 केलंत तर आधी बनवलेल्या पार्टांना त्याचा पत्ता नसतो. उलट एखाद्या पार्टच्या टॅबमध्ये असताना काही बदललंत तर ते त्याच पार्टपुरतं. मी ट्रंपेटची टॅब उघडी असताना स्कोअर उघडा आहे असं समजून 1.5 करून ठेवलं होतं. 6 मिलिमीटर. क्लॅरनेट मात्र 7.

बरोबर क्रम असा: सगळे पार्ट बनवून घ्या, कोणताही एक पार्ट उघडा, त्यात पेज सेटिंग्जमध्ये कागद, समास, स्टाफ स्पेस नीट लावा, आणि तिथलंच ‘अप्लाय टू ऑल पार्ट्स’ बटण दाबा. ते दाबल्याशिवाय ‘ओके’ म्हणालात तर एकच पार्ट बदलतो. स्टाईलच्या खिडकीतही असंच बटण आहे, अक्षरांची मापं वगैरे तिथून सगळ्यांना लागू करा.

त्यानंतर एकेक टॅब उघडून आकडा वहीत लिहा. कंटाळवाणं आहे. पण दहा पार्टांना पाच मिनिटं लागतात, आणि मिरवणुकीच्या आदल्या रात्री पुन्हा छापायला झेरॉक्सचं शटर उघडायला लावण्यापेक्षा ते बरं.

पायरी 4 : ‘स्मॉल स्टाफ’ आणि ‘स्केल’ यांचा गुणाकार

स्टाफच्या रिकाम्या जागेवर राईट क्लिक केलं की ‘स्टाफ/पार्ट प्रॉपर्टीज’ मिळतं. त्यात एक ‘स्मॉल स्टाफ’ची खूण आणि एक ‘स्केल’चा टक्का असतो. दोन्ही त्या एका स्टाफपुरते. पियानोच्या वर गायकाची ओळ लहान दाखवायला याचा उपयोग.

सापळा असा की दोन्ही एकमेकांना गुणतात. स्मॉल स्टाफ म्हणजे नेहमीच्या मापाच्या 70 टक्के. त्यावर कुणी स्केल 80 टक्के केलं असेल तर 70 गुणिले 80, म्हणजे 56 टक्के. 7 मिलिमीटरचा स्टाफ 3.9 वर येतो. मुंग्याच. आणि पेज सेटिंग्जमध्ये बघाल तर तिथे 1.75 शांतपणे बसलेलं असतं, काही बिघडलंय असं दाखवत नाही.

म्हणून पेज सेटिंग्ज बरोबर असूनही एकच वाद्य लहान दिसलं तर थेट इथे या. खूण काढा, स्केल 100 करा. स्कोअर आणि पार्ट, दोन्हीकडे जाऊन बघा.

हेही ठीक असेल आणि मधल्याच एखाद्या बारपासून स्टाफ लहान होत असेल, तर तिथे कुणीतरी ‘स्टाफ टाईप चेंज’ टाकलेला असणार. लेआउटच्या पॅलेटमधून तो चुकून ओढला जातो. बारच्या वर लहानशी खूण दिसते, छापताना ती दिसत नाही. निवडा, डिलीट दाबा. संपलं.

पायरी 5 : बाहेरून आलेली फाईल

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, आणि लष्करी बँडात लोक नोटेशनवरूनच शिकतात. त्यामुळे निवृत्त झालेल्या एखाद्या वादकाकडे जुन्या फाईली निघतात. माझी युफोनियमची फाईल अशीच आली, फिनाले नावाच्या दुसऱ्या नोटेशन प्रोग्राममधून काढलेली. फिनालेची विक्री आणि विकास थांबवत असल्याचं कंपनीने ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर केलं, तेव्हा अशा फाईली आता आणखी हिंडणार.

या प्रोग्रामांमधली देवाणघेवाण म्यूझिक-एक्सएमएल नावाच्या फाईलीतून होते. त्यात मापाची एक ओळ असते. घराच्या दहाव्या भागाला एक एकक धरतात, म्हणजे पूर्ण स्टाफ 40 एककांचा. फाईल सांगते की 40 एककं म्हणजे इतके मिलिमीटर. 7 असेल, 6 असेल, 5.3 असेल, लिहिणाऱ्याची मर्जी. म्यूझस्कोअर ते वाचतो आणि स्टाफ स्पेस त्याप्रमाणे लावतो. तुमच्या 1.75 ला तो विचारत नाही.

फिनालेत तर हिशोब आणखी गुंतागुंतीचा. तिथे स्टाफचा टक्का वेगळा, ओळीचा वेगळा, पानाचा वेगळा, आणि तिन्हींचा गुणाकार कागदावर उतरतो. स्टाफ 85 आणि ओळ 80 असेल तर 68 टक्के. लिहिणाऱ्याला स्वतःलाही ते आठवत नसतं.

इथे करायचं ते सोपं आहे. ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘इम्पोर्ट’च्या भागात ‘इम्पोर्ट लेआउट’ची खूण काढून मग फाईल उघडा. उघडल्यावर पेज सेटिंग्जमधला आकडा डोळ्यांनी बघा, आणि स्टाफ/पार्ट प्रॉपर्टीजमध्येही एकदा डोकवा. म्यूझस्कोअरच्याच जुन्या आवृत्तीतली फाईल असेल तरी हेच. ती जुन्या सवयी घेऊन उघडते.

चांगली जमलेली फाईल एकदा मिळाली की ‘फॉरमॅट’मधून ‘सेव्ह स्टाईल’ करून ठेवा. पुढच्या फाईलीत ‘लोड स्टाईल’. लोड केल्यावरही आकडा बघायचाच.

लिलीपॉन्ड, म्हणजे आज्ञा टाईप करून नोटेशन काढायचा प्रोग्राम, वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण इंजिनिअरिंगची पोरं त्याच्याकडे वळतात. तिथे मूळ माप 20 पॉइंट, म्हणजे 7.03 मिलिमीटर. डीटीपीवाल्यांनो, हा आपला पॉइंट नव्हे. आपला इंचाला 72, त्यांचा 72.27. पूर्ण फाईलीचं माप ‘सेट-ग्लोबल-स्टाफ-साइज’ने, आणि ते सगळ्यांत वर लिहायचं. ‘लेआउट-सेट-स्टाफ-साइज’ हे त्या एकाच स्कोअरपुरतं. एकाच पुस्तकातली दोन गाणी वेगवेगळ्या मापात छापली तर बहुधा एकात ही दुसरी आज्ञा शिरलेली असते. आणि ‘फॉन्ट-साइज’ कमी केला तर नोटा लहान होतात, रेघा तशाच राहतात. मोठ्या पाटावर लहान मूल बसवल्यासारखं दिसतं. दोन्ही एकत्र लहान करायला ‘मॅग्निफाय-स्टाफ’ आहे.

पायरी 6 : नोटांखालचे शब्द

हा भाग मला सगळ्यांत जास्त आवडतो, कारण इथे माझा धंदा कामी येतो.

नाताळात एका कॉयरसाठी मी पानं केली होती. एका गाण्याला मराठी शब्द देवनागरीत, एकाला कन्नड त्यांच्या लिपीत, एकाला कोंकणी रोमीत. तिन्ही 10 पॉइंट. छापल्यावर तिन्ही वेगळ्या मापाची दिसली. ते दिसणारच. प्रत्येक लिपीचा फॉन्ट आपल्या चौकटीत अक्षर किती मोठं काढतो हे वेगळं असतं. देवनागरीला वर रफार आणि वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे मधलं अक्षर बारीक राहतं. मी देवनागरी रोमीपेक्षा दीड-दोन पॉइंट मोठी ठेवतो आणि मग तिन्ही सारखी वाटतात. इथे आकडा सारखा ठेवून उपयोग नाही, डोळ्याला सारखं दिसलं पाहिजे. पायरी 1 च्या अगदी उलट सांगतोय, माहीत आहे.

दुसरं, फॉन्ट स्वतः निवडा. म्यूझस्कोअरचा आपला एडविन फॉन्ट देवनागरी जाणत नाही. तुम्ही काही निवडलं नाही तर संगणक त्याच्याकडे असलेला कुठला तरी देवनागरी फॉन्ट उसना घेतो. तुमच्या संगणकावर एक, बँडमधल्या पोराच्या लॅपटॉपवर दुसरा. शब्दांची रुंदी बदलते, बार पुढच्या ओळीत ढकलले जातात, आणि तक्रार येते की स्टाफ बदलला. ‘फॉरमॅट’, ‘स्टाईल’, ‘टेक्स्ट स्टाईल्स’मध्ये लिरिक्सच्या नावापुढे फॉन्ट घाला. दुसऱ्याला पाठवताना शक्यतो पीडीएफच पाठवा.

तिसरं, त्याच खिडकीत ‘फॉलो स्टाफ साइज’ची खूण आहे. ती असेल तर स्टाफबरोबर अक्षर लहान-मोठं होतं, नसेल तर 10 चे 10 पॉइंट राहतात. पूर्ण स्कोअर 1.2 वर आणलात की खूण असलेले शब्द वाचता येत नाहीत, आणि खूण नसलेली नावं स्टाफपेक्षा दांडगी दिसतात. काही खुणा आहेत, काही नाहीत, असं असेल तर पान विस्कटलेलं वाटतं. शब्दांसाठी मी खूण ठेवतो, शीर्षकासाठी काढतो.

श्रीलिपी किंवा नुडीत टाईप केलेला जुना मजकूर तसाच चिकटवू नका. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टातला मजकूर इथे नुसती रोमी भेंडोळी होऊन पडतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि शब्द तोडताना जोडाक्षर फोडू नका: ‘कृ’ एका नोटेखाली आणि ‘ष्ण’ दुसऱ्या. ‘कृष्’ लिहिलंत तर पाय मोडलेला ष लटकत राहतो आणि गाणारा तिथेच अडखळतो.

पायरी 7 : झेरॉक्सच्या दुकानात

इथवर सगळं बरोबर केलं तरी शेवटचा घात दुकानात होतो. पीडीएफ उघडली की छपाईच्या खिडकीत ‘फिट’ किंवा ‘फिट टू पेज’ आधीच निवडलेलं असतं. लेटर मापाचं पान ए-4 वर ‘फिट’ केलं की 97 टक्के होतं, 7 चा स्टाफ 6.8. एवढं कुणाच्या लक्षात येत नाही. पण अर्धे पार्ट ए-4 चे आणि अर्धे लेटरचे असतील तर दोन पोरं शेजारी उभी राहिली की दिसतं. ए-4 चं पान ए-5 वर बसवलं तर 71 टक्के, म्हणजे 7 चे 5 मिलिमीटर. कागद वाचवायला दुकानदार ‘एका पानावर दोन’ करून देतो, तेव्हा नेमकं हेच होतं. कार्ड ए-5 चं हवं असेल तर प्रोग्राममध्येच पान ए-5 चं करा, 148 बाय 210.

दुकानात मी हे करतो:

- फाईल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. फोटो म्हणून पाठवलेलं पान पुसट होतं, वर माप हरवतं.
- ‘ॲक्चुअल साइज’ किंवा ‘100 टक्के’ निवडायला सांगतो, आणि निवडताना शेजारी उभा राहतो. दुकानदार ओळखीचा असला तरी. ओळखीचा असला की जास्तच.
- एकच पान आधी काढायला लावतो आणि फूटपट्टी लावतो.

पण 7 मिलिमीटर आणि 6.8 मिलिमीटर यातला फरक फूटपट्टीवर कुणाला दिसतो? म्हणून उंची न मोजता रुंदी मोजा. ए-4 वर दोन्ही बाजूंना 15 मिलिमीटर समास असेल तर स्टाफची ओळ 180 मिलिमीटर लांब. डावीकडे वाद्याचं नाव किंवा कंस नसलेली ओळ निवडा. पहिली ओळ आत सरकलेली असू शकते, म्हणून दुसरी घ्या. 180 भरली तर छपाई बरोबर. 175 भरली तर 97 टक्क्यांवर छापलंय, तिथेच थांबवा. माझ्या ए-5 कार्डावर समास 8, म्हणजे ओळ 132 मिलिमीटर.

मास्तरांना नंतर दिलेल्या संचात मी प्रत्येक पानाच्या तळाला बारीक अक्षरात तीन गोष्टी छापल्या: कागद ए-5, घर 1.6, ओळ 132. पुढच्या वेळी कुणी झेरॉक्सवरून झेरॉक्स काढली तरी पट्टी लावून कळतं. मास्तरांनी ते वाचलं आणि विचारलं, "ह्ये काय, गाण्याचं वजन लिवलंयस?"

मी हो म्हणालो.